जाहिरातीत ‘शिक्षक’ पुरे की ‘शिक्षक/शिक्षिका’ लिहावं? मेंदूला विचारून बघू

बोरूबहाद्दर
आमच्या शाळेच्या बैठकीत भरतीच्या जाहिरातीवरून यावर अर्धा तास गेला. ‘शिक्षक पाहिजेत’ यात बायकाही आल्याच, जागा कशाला अडवायची, असं बहुमत पडलं. मला पटलं नाही.

१९९७ मध्ये ली ऑस्टरहाउट आणि सहकाऱ्यांनी लोकांना इंग्रजी वाक्यं वाचायला देऊन मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या. डॉक्टरबद्दलच्या वाक्यात पुढे स्त्रीलिंगी सर्वनाम (‘herself’, म्हणजे ‘स्वतः’चं स्त्रीलिंगी रूप) आलं, की पी-६०० नावाचा उंचवटा दिसे. शब्द दिसल्यापासून साधारण ६०० मिलिसेकंदांनी येणारा हा उंचवटा एरवी वाक्यरचना बिघडली की येतो. डॉक्टर बाई निघाली तर मेंदू जवळपास व्याकरण चुकल्यासारखा अडखळला! ‘वाक्य ठीक आहे’ असं सांगणाऱ्यांचाही अडखळला, आणि वाचणाऱ्या बायकांमध्ये तर पुरुषांपेक्षा जास्त.

२००८ मध्ये पास्कल गीगाक्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. पहिल्या वाक्यात एखाद्या व्यवसायातले लोक स्टेशनातून चाललेत, पुढच्या वाक्यात ‘त्यांच्यातल्या काही बायका’. दुसरं वाक्य पहिल्याला जुळतं का, एवढंच सांगायचं. इंग्रजी वाचक व्यवसायाबद्दलच्या समजुतीप्रमाणे गेले. फ्रेंच आणि जर्मन वाचकांनी मात्र पुल्लिंगी अनेकवचन दिसलं की पुरुषच धरले, व्यवसाय बायकांचा मानला जात असला तरी. ‘शिक्षक’ हे रूप माझ्या मते याच पंगतीतलं.

तिरकस तात्या
असहमत. तुम्ही दोन गोष्टींची खिचडी केलीत बोरूशेठ. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. म्हणून खुर्चीकडे बघून कुणाला बाई आठवत नाही. व्याकरणातलं लिंग हे जुळणीचं काम आहे. २००७ मध्ये हिंदी वाक्यांत क्रियापदाचं लिंग-वचन मुद्दाम चुकवून लहरी मोजल्या होत्या, तिथेही पी-६०० आला. म्हणजे मेंदू नीट जुळणी तपासतो. त्यात समाजशास्त्र कुठे आलं?

आता कुणीतरी ती किल्लीची गोष्ट आणेलच, म्हणून आधीच सांगतो. जर्मनमध्ये किल्ली पुल्लिंगी, म्हणून जर्मन लोक तिला जड, कठीण म्हणतात; स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून ती नाजूक, सोनेरी. संशोधक लेरा बोरोडित्स्की यांच्या प्रयोगातला हा दाखला दहा ठिकाणी वाचलाय. २०१४ मध्ये तो प्रयोग परत करून पाहिला, तर काही हाती लागलं नाही. अशा पायावर जाहिराती बदलायच्या?

बोरूबहाद्दर
तात्या, किल्ली तुम्हीच आणलीत, मी नाही. मी माणसांबद्दलच्या शब्दांविषयी बोलतोय.

रंकाळ्याची पोर
आमच्या कोल्हापुरात पोरी ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात आणि समोरच्याला कळतं की पोरगीच बोलतीय. पुण्यात मात्र लगेच मान वळते. मेंदू तोच की हो, मग फरक कुठनं आला? सवयीनं. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये असा प्रयोग झालाय: बोलणाऱ्याच्या आवाजाला न शोभणारं वाक्य ऐकवायचं, उदाहरणार्थ पुरुषाच्या आवाजात ‘मी अमक्या गायिकेसारखी दिसले असते तर’. शब्द सुरू झाल्यापासून २०० ते ३०० मिलिसेकंदांत मेंदूला विसंगती कळली होती. आवाज आणि अर्थ इतक्या लवकर एकत्र येत असतील, तर आमच्या पोरींचा ‘जातो’ ऐकताना कोल्हापूरचा कान अडत नसणार, असं माझं मत.

इलेक्ट्रोड
चांगला मुद्दा. पण मराठीची एक गंमत कुणीच काढली नाही. ‘डॉक्टरांनी गोळी दिली, काढा दिला, इंजेक्शन दिलं.’ क्रियापद औषधाशी जुळतंय, डॉक्टरांशी नाही. ‘स्वतः’लाही लिंग नाही. पान पानभर डॉक्टरांबद्दल वाचा, ते बाई की पुरुष हे व्याकरण सांगेलच असं नाही. ‘डॉक्टर आल्या’ असं वाक्य येईल तेव्हाच उलगडा. म्हणून ऑस्टरहाउट यांचं वाक्य मराठीत जसंच्या तसं करताच येणार नाही. इंग्रजीचे निष्कर्ष उचलून मराठी जाहिरातीला चिकटवताना जरा दम धरा.

बोरूबहाद्दर
उलट यानं माझीच बाजू भक्कम होते. व्याकरण गप्प राहिलं की ती रिकामी जागा कोण भरतं? आपली समजूत. ‘आल्या’ येईपर्यंत डोळ्यांसमोर कोण उभं होतं, ते प्रामाणिकपणे सांगा.

सुलभा नाशिककर
बोरूदादा, २००७ आठवतंय का? प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यांना काय म्हणायचं यावर केवढा काथ्याकूट झाला होता. शब्द बदलला नाही. थोड्याच दिवसांत ‘राष्ट्रपती आल्या’ कुणाला खटकेना. पदावर बाई बसली आणि कान सरळ झाला. जोडशब्दांपेक्षा नेमणुका करा.

आणि ‘शिक्षिका’ लिहिलं की बालवाडीची बाई आठवते, मुख्याध्यापक नाही, हेही आहेच. मी पंचवीस वर्षं शिकवलंय, मला ‘शिक्षक’च म्हणा.

तिरकस तात्या
सुलभाताईंना +१. शिवाय अर्ध्या सेकंदाचा अडखळा कुणाला नोकरी नाकारत नाही. ती नाकारतं मुलाखतीचं मंडळ.

बोरूबहाद्दर
ताई, तुमच्यासाठी ‘शिक्षक’ हा कमावलेला शब्द आहे, मान्य. पण राष्ट्रपतिपदाची जाहिरात येत नाही, आमच्या शाळेची येते. तिथे अर्ज करायचा की नाही हे ठरवणारी मुलगी अजून पदावर बसलेलीच नाही. तात्या, मंडळापर्यंत ती पोचली तर ना! मी दोन्ही रूपं लिहूनच मसुदा पाठवतोय.

इलेक्ट्रोड
पाठवा. पण मग ‘शिपाई’ आणि ‘लिपिक’ यांचं काय करणार तेही लिहा. त्याच जाहिरातीत ती दोन पदं आहेतच ना?