अनुभव धागा : "पण खरंच आहे ना!" म्हणून पुढे पाठवलेल्या गोष्टी

मोमीनपुऱ्याची_नात :
काल नातेवाईकांच्या ग्रुपवर एका मुलीचे खाजगी मेसेज आले. लग्न मोडलं तिचं, कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, खाली सगळ्यांच्या इमोजी. मी म्हटलं डिलीट करा, तर उत्तर काय, "पण खरंच आहे ना, आम्ही मनचं थोडीच सांगतोय". एकदम दादी आठवली. गंज पेठेत आमच्या दारात बायका बसल्या नि कुणाच्या सुनेचा विषय निघाला की दादी विचारायची, ती इथे आहे का? नाही ना, मग बस्स. कुणी "खरं तेच बोलतेय" म्हणालं तर हदीस (नबींचं, म्हणजे पैगंबरांचं वचन) सांगायची, खरं असेल तर गीबत म्हणजे पाठीमागची निंदा, खोटं असेल तर बोहतान म्हणजे खोटा आळ. कुराणातल्या सूरह (अध्याय) हुजुरातमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय, ती आयत (ओळ) तिला तोंडपाठ. तेव्हा ऐकायला दारातल्या बायकाच असायच्या, आता एक स्क्रीनशॉट कोल्हापूरपासून दुबईपर्यंत जातो. तुमचे अनुभव लिहा, कुठल्याही धर्माचे असा.

कोंढवा_खुर्द :
हॉस्पिटलमधले फोटो!! अब्बा आयसीयूत होते, कुणीतरी नळ्या लावलेला फोटो "दुआ की गुजारिश" म्हणून स्टेटसला टाकला. अम्मीने तो शेजारणीच्या फोनवर पाहिला. दुआ मागायला नाव पुरे होतं ना? दुसऱ्याच्या घरात शिरताना परवानगी घ्या, सलाम करा असं सूरह नूरमध्ये आहे, मग आजारी माणसाच्या खाटेपर्यंत कॅमेरा कसा काय जातो

पेठेतला :
अरेरे. अब्बा आता बरे आहेत का ताई?

कोंढवा_खुर्द :
नाही, गेले. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

औंधची_आई :
आमच्या सोसायटीत कामाच्या मावशींवर कानातलं चोरल्याचा आळ, लिफ्टमधली सीसीटीव्ही क्लिप ग्रुपवर. क्लिप खरीच होती, मावशी पिशवी घेऊन खाली जातायत एवढंच त्यात. कानातलं वॉशिंग मशीनमध्ये सापडलं. क्लिप शेजारच्या सोसायट्यांत पण फिरली पण सापडल्याचं कुणी पाठवलं नाही, मावशींची कामं गेली ती गेलीच.

मोमीनपुऱ्याची_नात :
माफी पण त्याच ग्रुपवर मागायला हवी. जिथे बदनामी केली तिथेच.

औंधची_आई :
मी हेच म्हटलं तर "विषय संपलाय" 😡

हडपसरकर :
2014 चा जून आठवा. फेसबुकवर शिवाजी महाराजांबद्दल घाणेरड्या पोस्ट फिरल्या आणि हडपसरात नमाज पढून घरी निघालेल्या आयटीतल्या पोराला ठार मारलं, त्याचा पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. 2018 च्या जुलैत धुळ्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी म्हणून अफवा, पाच जण ठेचून मारले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्डची मर्यादा आणायचं जाहीर केलं. हुजुरातची सहावी आयत हेच सांगते, बातमी आली की आधी तपासा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल नि मग पस्तावाल. माझ्या पोरांना मी ही आयत राईनपाड्याचं नाव घेऊनच शिकवली.

कॅम्पातला_भाचा :
रमजानचा मेसेज राहिला. "जो सबसे पहले रमजान की खबर देगा उस पर जहन्नुम की आग हराम". दरवर्षी मामू पाठवतात. अशी हदीसच नाही, आमच्या मौलानांनी जुम्म्याला सांगितलं. नबींच्या नावावर जाणूनबुजून खोटं सांगेल त्याने आपली जागा जहन्नुममध्ये समजावी, ही हदीस मात्र बुखारीत आहे. पण मामूंना सांगायचं कसं, वयाने मोठे

कोंढवा_खुर्द :
ग्रुपवर नको, वेगळा फोन कर. चारचौघांत टोकलं तर त्यांची इज्जत जाते आणि ऐकायचे पण नाहीत.

पेठेतला :
+१, आमच्या काकांना ग्रुपवर टोकलं, दिवाळीला आले नाहीत

कॅम्पातला_भाचा :
केला फोन. "तू मौलाना कधी झालास" म्हणाले पण मेसेज काढला. रविवारी जेवायला बोलावलंय, काय नेऊ?

औंधची_आई :
कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. रविवारी बंद असते हां, शनिवारीच घे.