"नकारात्मक बोलू नका" हा विश्वास आहे का? सकारात्मक विचार आणि ख्रिस्ती समाधान

तिसरा बाक (धागाकर्ता)

आई आजारी होती तेव्हाची गोष्ट. आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. प्रार्थनेला आलेल्या एका बाईंना आई म्हणाली, "मला भीती वाटते हो." त्यांनी लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला. अगदी खरोखरचा हात. "असं नकारात्मक बोलायचं नाही. जे बोलाल तेच घडतं. 'मी बरी झाले' अशी कबुली द्या." त्यानंतर आई भीतीबद्दल कुणाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. शेवटचे चार महिने सगळ्यांना एकच उत्तर, "मी मजेत आहे."

बाई प्रेमळ होत्या, तासन्‌तास आईजवळ बसायच्या. माझं भांडण त्यांना मिळालेल्या शिकवणीशी आहे.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन (४:१३) आपण कपांवर, टी-शर्टांवर, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या स्टेटसवर पाहतो. त्याच्या आधीची दोन वचनं मात्र कपावर मावत नाहीत बहुधा. त्यांत पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की मी उपाशी राहायला आणि पोटभर जेवायला, दोन्ही शिकलो. हे तो बेड्यांत असताना लिहितोय. म्हणजे त्या "सर्व काही"त उपासही आला, कैदही आली. आणि "शिकलो" म्हणतो, म्हणजे कधीतरी त्यालाही ते येत नव्हतं.

दुसरं, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू, म्हणजे त्याची सत्ता, मोडेल, मंदिरातून लुटून नेलेली पात्रं परत येतील, बंदिवान परत येतील. लोकांना हवं तेच. यिर्मयाच्या मानेवर त्याच सत्तेची खूण म्हणून लाकडी जू असतं, हनन्या ते काढून मोडतो. गंमत अशी की यिर्मया आधी "आमेन, परमेश्वर तसं करो" म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं! पण ते खरं नव्हतं. पुढच्याच अध्यायात तो बंदिवानांना पत्र पाठवतो: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या परक्या शहराचं भलं मागा, सत्तर वर्षं लागतील. "भविष्य आणि आशा देणारे संकल्प" हे सगळ्यांचं आवडतं वचन (२९:११) याच पत्रातलं. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं, त्यांतले बहुतेक परतीचा दिवस बघण्याआधीच मेले असणार.

माझ्या मते हनन्या सकारात्मक होता आणि त्या पत्रात समाधान आहे. तुम्हाला काय वाटतं?

अर्धा पेला

दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. त्या बाई चुकल्याच. पण एका हाताचा राग तुम्ही सगळ्या सकारात्मक विचारांवर काढताय.

मी दोन वर्षं नैराश्यात होते. औषधं चालू होती, आणि त्यासोबत आरशावर हेच "सर्व काही करू शकते"चं वचन चिकटवलेलं होतं. संदर्भ वगैरे मला ठाऊक नव्हता. रोज सकाळी ते मोठ्यानं वाचलं म्हणून मी अंथरुणातून उठले. त्याच अध्यायात आठव्या वचनात पौल काय सांगतो? जे शुद्ध, जे प्रशंसनीय, जे श्रवणीय, त्याचं मनन करा. हा सकारात्मक विचार नाही तर काय?

आणि तुम्ही यिर्मया काढलात, तर मी बायबलमधल्या गणना पुस्तकाचा १३वा अध्याय काढते. देवानं इस्राएल लोकांना देऊ केलेला देश बघायला बारा हेर गेले. दहा जणांनी येऊन "वास्तव" सांगितलं: शहरं तटबंदीची, माणसं धिप्पाड. माहिती खरीच होती! त्यांच्यातलाच कालेब मात्र म्हणाला, चला, आपण जिंकू शकतो. देवाला कोण आवडलं? चाळीस वर्षं अरण्यात कोण फिरलं? खरं बोलतोय या नावाखाली कुरकुर पवित्र होत नाही.

मिठाची चिमूट

कालेबचा मुद्दा बिनतोड आहे. धागाकर्ते, उत्तर द्या.

तिसरा बाक

देतो, पण आधी कबूल करतो की मुद्दा चांगला आहे, रात्रभर डोक्यात होता.

एक, कालेबने तटबंदी नाकारली नाही. "तिथे धिप्पाड माणसं नाहीतच, तशी कबुली द्या" असं तो म्हणाला नाही. उलट वाढवून सांगितलं ते दहा जणांनीच: तो देश आपल्या रहिवाशांना गिळतो, आम्ही त्यांच्यापुढे टोळ. दोन, त्या देशाबद्दल देवाचं वचन होतं. आई बरी होईल असं वचन आम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. ते बाईंनी आपल्या मनानं दिलं.

तीन, पुढचा अध्याय संपेपर्यंत वाचा. शिक्षा ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी तेच लोक एकदम सकारात्मक झाले. "आम्ही चढून जातो!" त्यांचा पुढारी मोशे, त्याने जाऊ नका म्हणून सांगितलं. तो आणि देवाच्या सोबतीची खूण असलेला कराराचा कोश छावणीतच राहिले. हे गेले, आणि शत्रूंनी त्यांना हर्मा गावापर्यंत मारत नेलं. आत्मविश्वास भरपूर होता, देव सोबत नव्हता.

आठव्या वचनाचं म्हणाल तर त्या यादीत पहिला शब्द "सत्य" आहे. तुम्ही तो वगळून यादी सुरू केलीत, ताई.

अर्धा पेला

वगळला हे खरं. मुद्दाम नाही. पण "मी उठू शकते" हे सत्यच होतं, फक्त मला ते तेव्हा पटत नव्हतं. ही बाजू तुम्ही बघतच नाही आहात.

शंकेखोर

मी श्रद्धाळू नाही, तरी बोलतो. तुम्ही दोघं एकाच नाण्यासाठी भांडताय. सकारात्मक विचार म्हणतो, "दुःख आहे म्हणू नकोस." समाधान म्हणतं, "आहे, पण गप्प बस." खालच्याला दोन्हीकडून गप्पच बसायचंय. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची कापलेली आवृत्ती छापली होती. मिसरच्या गुलामीतून सुटकेची कथा गाळली, दासांनी धन्याचं ऐकावं हा उपदेश ठेवला. समाधान हे असं वापरलं जातं.

कुंभाराची माती

शंकेखोर, ते उदाहरण लाजिरवाणं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण कात्री का लागली? न कापता दिलं असतं तर धोका होता म्हणून.

नव्या करारात "समाधानी राहा" कुणाला म्हटलंय तेही बघा. लूक ३:१४ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान "आपल्या पगारात तृप्त असा" हे शिपायांना सांगतो, आणि आधी सांगतो की जुलमानं कुणाचं काही घेऊ नका. १ तीमथ्य ६ मध्ये अन्नवस्त्रात तृप्त राहा म्हटल्यावर लगेच इशारा आहे तो श्रीमंत होण्याच्या हव्यासाला. इब्री १३:५ द्रव्यलोभाबद्दल आहे. तिन्ही ठिकाणी रोख हावरेपणावर आहे. ज्याची मजुरी अडवली त्याला याकोब आपल्या पत्रात "तृप्त राहा" म्हणत नाही, ती अडवलेली मजुरीच ओरडते असं लिहितो (५:४). आणि दासाला पौल सांगतो, मोकळं होता येत असेल तर हो (१ करिंथ ७:२१).

"बोलाल ते घडेल"चं मूळही सांगून टाकतो. मनातला विश्वासच आजार घडवतो आणि बरा करतो, ही कल्पना १९व्या शतकात अमेरिकेत फिनियस क्विंबी नावाच्या गृहस्थांनी पसरवली. ते आधी संमोहनाचे प्रयोग करायचे. ती चर्चमध्ये नंतर आली, आणि आल्यावर वचनं शोधली गेली.

शंकेखोर

वाचलं, मजकूर तुमच्या बाजूनं आहे. पण व्यासपीठावरून हे किती वेळा ऐकलंत? पगार देणाऱ्याला "तृप्त राहा" सांगणारं प्रवचन मला अजून भेटलेलं नाही.

कुंभाराची माती

मलाही क्वचितच.

मिठाची चिमूट

पण विज्ञानसुद्धा सांगतंच ना की सकारात्मक विचारांनी फायदा होतो?

रात्रपाळी

सरसकट नाही. १९९१ मध्ये गाब्रिएले ओटिंगेन आणि टॉमस वॉडन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला होता. आपल्याला जमेल अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण सडपातळ झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. आशा वेगळी, दिवास्वप्न वेगळं. अर्धा पेलाताई, तुमचं पहिल्या प्रकारातलं दिसतं.

मी नर्स आहे, म्हणून या धाग्यावर आले. मरणाच्या दारातली माणसं मी बरीच पाहिली. बहुतेकांना कळलेलं असतं. नातेवाईक "सगळं छान होणार" म्हणतात आणि खोलीबाहेर जाऊन रडतात, आणि पेशंट माझा हात धरून विचारतो, "सिस्टर, किती दिवस?" बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी "तरीही स्तुती" असं काही नाही. रात्री दोनला कुणी वाच म्हणालं तर कधीकधी मी तेच वाचते. अजून कुणाची श्रद्धा त्यानं तुटलेली पाहिली नाही.

पण धागाकर्ते दादा, उलट बाजूही पाहिलीय. काहींना बोलायचंच नसतं. "मजेत आहे" हे त्यांचं पांघरूण असतं. वास्तव स्वीकारा म्हणून ते ओढून काढणारेही भेटतात, आणि तेही तितकेच निर्दयी असतात.

मिठाची चिमूट

मग भेटायला जाणाऱ्यानं बोलायचं काय?

कुंभाराची माती

बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेवढे सात दिवस त्यांचं अगदी बरोबर होतं.

रात्रपाळी

दादा, एक विचारू? राग मानू नका. आई "मजेत आहे" म्हणायच्या, ते कदाचित तुम्हाला त्रास नको म्हणूनही असेल. तुम्ही कधी विचारलंत त्यांना, की भीती वाटते का?

तिसरा बाक

ताई, दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा.

नाही विचारलं. चार महिने रोज तिच्या उशाशी बसायचो. औषधांच्या वेळा, कोण येऊन गेलं, सगळं बोलायचो. एकदा तिनं "तुला एक सांगू का" म्हणून सुरुवात केली होती. मी म्हटलं, "आई, तू आराम कर." हे आत्ता लिहिताना आठवलं. इतकी वर्षं त्या बाईंचा हात तेवढा आठवत होता.

अर्धा पेला

दादा, आरशावरचा कागद काढून आधीच्या दोन वचनांसकट पुन्हा लिहिला. अक्षर बारीक करावं लागलं. पण हनन्याशी माझी तुलना मला अजून मान्य नाही. त्यानं दुसऱ्यांच्या मानेचं जू मोडल्याचं नाटक केलं. मी फक्त माझंच उचलून उभी राहत होते.