मदत हवी आहे: पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक अस्सल आहे का?

नमस्कार मंडळी. सातारच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत एक चांदीचं पदक सापडलं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा योद्धा, त्याच्या दोन्ही बाजूंना १९१४ आणि १९१८. म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि ११० वी मराठा पलटण. ही पलटण कूटच्या (आजच्या इराकमधलं शहर) तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली. पणजोबा तिथे होते असं आजी सांगायची, म्हणून जीव अडकलाय.

शंका कडेवरच्या अक्षरांची. मूळ अक्षरं ठशाने उमटवलेली असतात. आमच्याकडची दोन-तीन अक्षरं मात्र हाताने कोरल्यासारखी वाटतात, आणि तिथे कड किंचित चपटी आहे. जुनं नाव घासून नवं घातलं असेल का? की नुसती झीज?

सोबत बिगुलाचा पितळी बिल्लाही आहे. १९२२ च्या भारतीय पलटणींच्या फेररचनेआधीचा की नंतरचा, कसं ओळखायचं?

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये कुणी अशी चौकशी केली आहे का? अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचं? विकायचं नाही, पॉलिशही केलेलं नाही. कडेचे जवळून काढलेले फोटो देतो.