'रिलीज'ला मराठीत काय म्हणावं?

सांगलीकर : फेडोरा या लिनक्स प्रणालीचे पॅकेजिंगचे, म्हणजे प्रोग्राम बसवण्याजोगे बांधून देण्याचे, नियम मराठीत आणतोय आणि एका शब्दावर अडलोय. समजा पॅकेज आहे 'बॅश-५.२.२६-३'. ५.२.२६ हे व्हर्जन, मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी दिलेलं. शेवटचा ३ म्हणजे रिलीज, तो पॅकेज बांधणाऱ्याचा. व्हर्जन तेच ठेवून पॅकेजात दुरुस्ती केली की तो एकाने वाढतो. नवं व्हर्जन आलं की पुन्हा १. व्हर्जनला 'आवृत्ती' रुळलंय. रिलीजला मी 'प्रकाशन' लिहिलं, पण 'तिसरं प्रकाशन' म्हटलं की हार-नारळच दिसतात.

कराडकर : छापखान्यातला शब्द घ्या की. 'दुसरी आवृत्ती, तिसरे पुनर्मुद्रण'. आपले प्रकाशक दोन्हींची सरमिसळ करतात, ते वेगळं.

मिरजेचा : मी म्हणतो 'खोडवा'! लागण एकदाच. ऊस तुटून गेला की त्याच बुडख्याला फुटवे येतात, नवं बेणं लागत नाही. पुढं निडवा. नवी लागण केली की मोजणी परत पहिल्यापासून.

सांगलीकर : वा! पण खोडव्याला टनेज कमी पडतं हो. इथं ३ हा १ पेक्षा सुधारलेला असतो. आणि निडव्याच्या पुढं काय म्हणायचं?

मिरजेचा : हरलो. पण बघा, टेंभू योजनेच्या पाण्याचं 'आवर्तन' सुटलं म्हणतो, 'आवृत्ती' त्याच कुळातली. फिरून तेच येणं. अर्थानं ती रिलीजलाच जास्त शोभली असती! आता रुळलेला शब्द उपटायला नको.

साताऱ्याची : दादा, 'एपॉक'ला 'युग' तेवढं करू नका. मूळ लेखक आधी २०२३ असे आकडे देत होते आणि मग एकदम १.० वर आले, तर यंत्राला नवं तेच जुनं वाटतं. म्हणून '१:१.०' असा एपॉक लावतात आणि तुलनेत तो सगळ्यांत आधी बघतात. याला 'शक' म्हणा. १६७४ मध्ये राज्याभिषेक शक १ सुरू झाला, तेव्हा शालिवाहन शक १५९६ चालू होता. नुसते आकडे लावले तर १ मागे पडतो; आधी शक कुठला ते विचारायचं. फरक एवढाच, की शक बंद पडू शकतो, एपॉक एकदा लावला की कायमचा चिकटतो.

आणि १.१० ला 'एक पूर्णांक' म्हणू नका. शाळेच्या गणितात तो १.९ पेक्षा लहान, इथं मोठा. 'एक टिंब दहा' म्हणा.

सांगलीकर : 'शक' घेतला, ताई. 'टिंब'ही. पुनर्मुद्रणाला मात्र धास्ती वाटते, काका. संगणकावर 'मुद्रण' म्हटलं की लोक प्रिंटरकडे बघतात. सरळ 'बांधणी ३' केलं तर? पहिल्या वेळीही चालतं, 'पुनर्' लागत नाही.

कराडकर : चालेल. पण एकच रिलीज इंटेल प्रोसेसरसाठी वेगळं बांधतात, एआरएम प्रोसेसरसाठी वेगळं. आकडा दोन्हीकडे ३. मग त्या बांधण्या नव्हेत का?

सांगलीकर : त्यांना 'प्रती' म्हणतो. तिसऱ्या बांधणीची इंटेल प्रत.

कराडकर : म्हणजे शेवटी छापखान्यातच आलात.