तेलविहिरींची वाळू ओढायला जावं का? माझं मत : जावं

ह्यूस्टनकर
माझा मेव्हणा डॅलसमध्ये किराणा मालाचा ट्रेलर चालवतो. ग्रीन कार्ड आहे, लायसन्स स्वच्छ आहे. आता पश्चिम टेक्सासातल्या ओडेसाला जाऊन फ्रॅकिंगची, म्हणजे तेलविहिरीत कोंबायची वाळू ओढायची म्हणतोय. घरच्यांनी त्याला वेड्यात काढलंय, मी मात्र त्याच्या बाजूने आहे. केरमिटजवळच्या खाणीत वाळू भरायची, विहिरीवर उतरवायची, परत खाणीवर. दोन आठवडे काम, एक आठवडा घर. दोन वर्षं अंग मोडून काम केलं तर घराच्या डाऊन पेमेंटचं भागेल. यात वेडेपणा कुठे आहे?

सांगलीचा_गडी
वाळूचा ट्रक म्हटलं की आमच्याकडे आधी तलाठी आठवतो :) बाकी वाळू रगडून तेल काढायचं अमेरिकेने खरंच मनावर घेतलेलं दिसतंय.

गाडीवान
रगडत नाहीत हो. पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा पाडतात आणि त्या परत मिटू नयेत म्हणून त्यात वाळू कोंबतात. जमिनीखाली दोन मैल आडव्या गेलेल्या विहिरीला दहा हजार टनांच्या आसपास वाळू लागते. एका ट्रकात चोवीस टन धरा. म्हणजे एका विहिरीला चारशेच्या वर खेपा.

मी 2017 ते 2020 हे काम केलंय, म्हणून ह्यूस्टनकरांना विरोध. पैसे खेपेचे मिळतात आणि दिवस रांगेत जातो. खाणीवर रांग, विहिरीवर रांग. तिथे पंप बिघडला की सगळे ट्रक उभे. एकदा रात्री नऊला पोचलो आणि पहाटे चारला रिकामा झालो, एका खेपेच्या पैशात. थांबल्याचे पैसे कागदावर होते, पण "पहिले अमुक तास फुकट" हे बारीक अक्षरात. वर कायद्याने ठरवलेल्या कामाच्या तासांचं घड्याळ चालूच. विहिरीवरचा थांबलेला वेळ कामाच्या तासांतून वगळायची सवलत खास यंत्रं लावलेल्या गाड्यांना आहे, वाळूच्या ट्रकला नाही. राज्याबाहेर, न्यू मेक्सिकोत खेप असली की चौदा तासांत दिवस संपतो, त्यातले सात रांगेत गेले तर कमावणार कधी? मग माणूस उरलेल्या वेळात गाडी पळवतो. पेकोसहून कार्ल्सबॅडकडे जाणाऱ्या 285 नंबरच्या हायवेला तिथले लोक उगाच मृत्यूचा रस्ता म्हणत नाहीत.

पर्मियनवासी
गाडीवानभाऊ, तुम्ही सांगताय ते तेजीच्या सुरुवातीचं. तेव्हा हवेच्या दाबाने वाळू उडवून रिकामे करायचे टँकर जास्त होते, तासभर तरी जायचाच. मी आत्ता खोक्यांची वाळू ओढतो. फोर्कलिफ्ट भरलेली खोकी उचलते, रिकामी ठेवते, मी निघालो. रांग आहे, पण सात तास रोज नाही. आणि मेव्हण्याने किराण्याच्या गोदामाबाहेर कधी ताटकळत काढलेले तास मोजलेत का?

औद्योगिक_आरोग्य
धुळीचं कोणीच बोलत नाही? ही वाळू जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ असते. तिची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. 2012 मध्ये सरकारी संशोधकांनी फ्रॅकिंगच्या जागांबद्दल इशारा दिला, 2016 च्या नियमाने हवेतल्या या धुळीची मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमवर आणली. खोक्यांमुळे धूळ कमी झाली हे खरं. पण काच उघडी ठेवून विहिरीजवळ डुलकी काढणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. फडकं बांधून ती धूळ अडत नाही, नीट बसणारा मास्क लागतो.

ह्यूस्टनकर
मास्क घेऊन देतो, हे पटलं. पण गाडीवान, तुम्ही तीन वर्षं टिकलात म्हणजे काहीतरी मिळत असणारच ना?

गाडीवान
मिळालं. नाही कशाला म्हणू, गावच्या घराचा स्लॅब त्यातूनच पडला. पण ट्रक कंपनीकडूनच हप्त्यावर घेतला होता. 20 एप्रिल 2020 ला तेलाचा वायदा भाव उणे 37 डॉलरवर गेला. त्याच्या आधीच खेपा आटल्या होत्या, हप्ता मात्र दर शुक्रवारी कापला जायचा. "तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक" असं सांगून विमा, डिझेल, टायर सगळं माझ्याच गळ्यात. शेवटी किल्ली परत दिली, भरलेले हप्ते बुडाले.

सांगलीचा_गडी
म्हणजे ऊसतोडीच्या उचलीसारखंच की. फिटतच नाही.

पर्मियनवासी
इथे मी गाडीवानांच्या बाजूला. हप्त्याचा ट्रक अजिबात नको, पगारी ड्रायव्हर म्हणून जा. आणि दोन वर्षांचा हिशेब घालताय तर हेही धरा : केरमिटहून न्यू मेक्सिकोत वाळू वाहून नेणारा 42 मैलांचा यांत्रिक पट्टा (कन्व्हेयर) 2025 पासून सुरू झालाय, आणि खाजगी रस्त्यांवर बिनड्रायव्हरचे ट्रक वाळू नेताहेत. आमच्यातले काही जण आतापासूनच पाण्याच्या टँकरकडे वळलेत.

ह्यूस्टनकर
मेव्हण्याला आत्ताच फोन केला. त्याला आलेली ऑफर हप्त्याच्या ट्रकचीच आहे. सही सोमवारी करणार होता. थांब म्हटलंय.

गाडीवान
कागद त्याच्याकडे असतील तर आधी दोन ओळी बघायला सांगा : थांबल्याचे पैसे कितव्या तासापासून, आणि खेप नसलेल्या आठवड्यात हप्ता कापतात का.