आरंभ कुठून करावा : करारांपासून की निवासी शाळांपासून?

धागालेखक : कॅनडातील मूळ रहिवाशांच्या इतिहासाचा पदवीच्या पहिल्या वर्षाचा ओळखवजा अभ्यासक्रम पुढील सत्रात मला शिकवायचा आहे. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सामंजस्य आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, आणि विनिपेग व लेकहेड विद्यापीठांनी २०१६ पासून असे शिक्षण पदवीसाठी सक्तीचे केले. आरंभ निवासी शाळांपासून करावा, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. मला तो पटत नाही, कारण तसे केल्यास मूळ रहिवासी विद्यार्थ्यांना प्रथम भेटतात ते केवळ सोसणारे म्हणून. माझा पहिला तास १८७६ च्या सहाव्या कराराचा, म्हणजे ब्रिटिश राजसत्ता आणि क्री व इतर मूळ रहिवासी यांच्यातील जमिनीच्या कराराचा असेल. करारपत्राच्या इंग्रजी मजकुरानुसार क्री लोकांनी जमिनीवरचा हक्क कायमचा सोडला. क्री वडीलधाऱ्यांकडून चालत आलेली आठवण मात्र सांगते की, नांगराचा फाळ जितका खोल जाईल तितकीच माती वापरायला दिली होती. हे दोन्ही पुरावे मी फळ्यावर शेजारीशेजारी, सारख्याच मानाने मांडणार आहे.

प्रतिसाद १ : ‘सारख्याच मानाने’ याला माझी हरकत आहे. करारपत्र त्याच वर्षीचे आहे, तर आठवण अनेक तोंडांतून आलेली आहे, आणि मधल्या काळातील जमिनीच्या वादांचा तिच्यावर परिणाम झाला नसेल असे कोण म्हणेल? पहिल्या वर्षाच्या मुलांना साधनांची चिकित्सा अजून यायची असते. त्यांना आधीच ‘दोन्ही सारखे’ असे सांगितले, तर ती चिकित्सा शिकणारच नाहीत.

प्रतिसाद २ : पण करारपत्र तरी कोणाच्या तोंडून आले? बोलणी दुभाष्यांमार्फत क्रीमध्ये झाली आणि मजकूर इंग्रजीत उतरला. सरकारी दुभाष्यांवर विसंबून न राहता मिस्तावासिस आणि अहताकाकूप या प्रमुखांनी स्वतःचा दुभाषा, पीटर इरास्मस, सोबत आणला होता; भाषांतरात काय निसटू शकते हे ते पुरते जाणून होते. डेलगामूक्व खटल्यातही, म्हणजे ब्रिटिश कोलंबियातील गित्क्सान व वेत्सुवेतेन या मूळ रहिवाशांच्या जमिनीवरील हक्काच्या दाव्यातही, हेच दिसते. गित्क्सान वृद्धा मेरी जॉन्सन यांनी साक्षीत परंपरेचे गीत गाण्याचे ठरवले, तेव्हा ‘मला गाण्याचा कान नाही’ अशा अर्थाचे न्यायाधीश बोलले. १९९१ च्या त्यांच्या निकालात मौखिक परंपरेला फारसे वजन मिळाले नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चूक ठरवून खटला नव्याने चालवण्यास सांगितले.

प्रतिसाद १ : तेच न्यायालय मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीच्या २००१ च्या मिचेल खटल्यात म्हणाले की, अशा पुराव्याला कमी लेखू नये, तसेच त्याच्यावर पेलणार नाही इतका भारही टाकू नये. वजन प्रत्येक वेळी तपासावेच लागते, आणि माझे म्हणणे एवढेच आहे.

प्रतिसाद ३ : तुमच्या वादात वर्ग राहून गेला. निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुले गेली आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे वर्गातल्या एखादीची आजी तिथे राहिलेली असू शकते. तिच्यादेखत हा विषय पुढच्या आठवड्यांवर ढकलणे मला शक्य नाही. सरकारच्याच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी तिथल्या क्षयाविषयी १९०७ मध्येच सरकारला लेखी कळवले होते. पहिल्या तासाला तोच अहवाल वाचावा.

धागालेखक : ‘सारख्याच मानाने’ हे शब्द मी मागे घेतो, ‘सारख्याच कसोटीने’ असे म्हणतो, मात्र ती कसोटी करारपत्रालाही लागेल. क्रम बदलणार नाही. मात्र ब्राइस यांचा अहवाल दुसऱ्याच आठवड्यात घेईन, आणि नांगराची आठवण मी स्वतः न सांगता क्री वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांच्याकडून ऐकवीन. त्यांना मानधनही पाहुण्या व्याख्यात्याइतकेच मिळेल.