मदत हवी आहे: ‘मानसिक आजार वाढले’ या बातम्या तपासण्यासाठी जुना आकडा कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी. महाराष्ट्रात नैराश्य वाढल्याच्या बातम्या पडताळायच्या आहेत. अडचण तुलनेची आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये मानसिक विकारांचं त्या वेळचं प्रमाण १०.६ टक्के निघालं, पण ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. मग ‘वाढले’ ते कशापेक्षा?

दुसरा घोळ मोजणीचा. बातमीतला आकडा बहुधा पीएचक्यू-९ (नैराश्याच्या लक्षणांवरचे नऊ प्रश्न) सारख्या प्रश्नावलीतून येतो. ती चाळणी आहे, निदान नव्हे. समजा १००० जणांत ५० खरे रुग्ण आहेत आणि प्रश्नावली ८५ टक्के रुग्ण व ८५ टक्के निरोगी बरोबर ओळखते. तर साधारण ४३ रुग्ण सापडतील, पण १४२ निरोगी माणसांवरही शिक्का बसेल. बातमीत छापून येईल १८.५ टक्के, खरं प्रमाण ५! म्हणून चाळणीचा आकडा निम्हान्सच्या मुलाखतींवर आधारित आकड्याशेजारी ठेवून ‘वाढ’ म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवरचे (१४४१६) वाढते फोनही पुरावा म्हणून दिले जातात. सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. लोकांना नंबर कळत गेला की फोन वाढणारच, आणि ते चांगलंच आहे.

तर विचारायचं हे: महाराष्ट्रात तीच प्रश्नावली, तोच वयोगट आणि तशीच नमुना निवड ठेवून दोन वेगळ्या वर्षी केलेली पाहणी कुणाला माहीत आहे का? जिल्हा पातळीची असली तरी चालेल. ऑनलाइन फॉर्मवरच्या पाहण्या कृपया नकोत, त्यात त्रास असलेलेच जास्त भरतात.